आटे गेले, तेव्हा

दुचाकीच्या इंजिनाच्या पोटाखाली एक नट असतो. गॅरेजात त्याला चेंबर नट म्हणतात. ऑइल बदलायचं म्हणजे तो सोडायचा, काळं तेल वाहून जाऊ द्यायचं आणि पुन्हा बसवायचा. अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, हे काम गॅरेजातला नवशिकाही डोळे मिटून करतो. डोळे मिटून करतो म्हणूनच एक दिवस नट फिरतो, फिरतच राहतो, आवळत मात्र नाही. "आटे गेले ना भाऊ याचे," मिस्त्री सांगतो. मालकाला वाटतं नट बिघडला, नवा आणून लावू. पण नट ठणठणीत असतो, कारण तो पोलादाचा असतो. गेलेले असतात चेंबरच्या भोकातले आटे, आणि चेंबर असतं अ‍ॅल्युमिनियमचं. स्वस्त वस्तू शाबूत राहिली आणि महागाची वस्तू कामातून गेली.

ही पुस्तिका या दुखण्याविषयी आहे. विषय ऐकायला किरकोळ वाटतो. पण वऱ्हाडातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये आठवडाभर बसून पाहावं: प्लगचे आटे गेलेली स्प्लेंडर येते, मळणी यंत्राच्या बेअरिंगचा स्लिप झालेला बोल्ट येतो, फवारणी पंपाच्या नळीचं गळकं टोक येतं, विहिरीवरच्या मोटरचा गंजून एकजीव झालेला फ्लॅंज येतो. यंत्रं वेगळी आहेत, मोडलेली जागा एकच आहे. आणि त्यातलं बरंचसं मोडणं वयामुळे झालेलं नसतं, हाताने झालेलं असतं. पुस्तिकेचं म्हणणं एवढंच: आटे जाणं बहुतेक वेळा टाळता येतं, गेले तर ते नीट दुरुस्त करता येतात, आणि नीट केलेली दुरुस्ती मूळच्या आट्यांपेक्षा पक्की असू शकते.

आधी बोल्ट नेमकं करतो काय, ते पाहावं लागतं. बोल्ट म्हणजे जाड खिळा, अशी समजूत सर्रास आढळते. खरं तर आवळलेला बोल्ट ताणला जातो, केसभरच, पण ताणला जातो; आणि तो मूळ लांबीला यायला बघतो म्हणून दोन भाग एकमेकांवर दाबलेले राहतात. पकड या ताणाची असते. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्सा हा ताण निर्माण करण्यात जातो. उरलेले नऊ हिस्से बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतात. म्हणून घर्षण थोडं बदललं की सगळं गणित बदलतं. कंपनीने कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला जोर ग्रीस लावलेल्या बोल्टला दिला, तर घर्षणाचा हिस्सा कमी होऊन ताणाचा वाढतो आणि आटे गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओढले जातात. ग्रीस लावू नये असा याचा अर्थ नाही. लावलं तर हात आवरता घ्यावा.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. भोकात दहा आटे असले तरी भार दहांमध्ये सारखा वाटला जात नाही. नटामध्ये पहिला आटाच जवळजवळ एकतृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. सहाव्या-सातव्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. त्यामुळे आटे जातात तेव्हा एकदम जात नाहीत. पहिला वाकतो, त्याचा भार दुसऱ्यावर येतो, मग तो वाकतो. मिस्त्रीच्या हाताला हे कळतं: आवळता आवळता पाना मध्येच मऊ पडतो. त्या क्षणी थांबलेला हात चेंबर वाचवतो. "अजून अर्धा फेरा मारतो" म्हणणारा हात ते घालवतो.

आता हातातला जोर मोजून पाहू. सहा एमएमच्या साध्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला पोलादात साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याहूनही थोडे कमी. त्याला दहाचा पाना लागतो. हा पाना वीतभर, म्हणजे पंधराएक सेंटिमीटर लांबीचा धरला, तर टोकाला सात किलोचा जोर दिला की काम झालं. सात किलो म्हणजे मनगटाचा जोर. खांदा त्यात यायलाच नको. माणूस मात्र सवयीने वीस-पंचवीस किलो सहज लावतो. आणि पान्याला पाईप अडकवला की हिशेबच सोडावा लागतो. दोन फुटी पाईपच्या टोकाशी तीस किलो जोर लावला तर भरतात १८० न्यूटन-मीटर. हा आकडा चारचाकीच्या चाकाच्या नटापेक्षाही मोठा आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या बोल्टसाठी पाईप समजू शकतो. दुचाकीच्या इंजिनाजवळ तो आणूच नये.

पण मिस्त्री एवढा जोर लावतो तरी का? अडाणीपणाने लावतो, असं म्हणून सुटता येत नाही. चेंबर नटाखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ वॉशर असतो. आवळल्यावर तो चेपतो आणि फट बंद करतो. तो एकदाच चेपायचा असतो. जुना, आधीच चेपलेला वॉशर पुन्हा लावला की तेलाचा थेंब झिरपतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतं. मिस्त्री अजून आवळतो, गळती तात्पुरती थांबते. पुढच्या खेपेला तोच वॉशर, आणखी जोर. तीन-चार ऑइल बदलांनंतर आटे उपटून नटाला चिकटून बाहेर येतात, अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत स्प्रिंगसारखे. मूळ दोष वॉशरचा, सजा आट्यांना.

प्लगचंही तसंच. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना दहा एमएमचा प्लग असतो, आणि त्याला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल तरी अडत नाही. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा द्यायचा. वापरलेला प्लग परत बसवताना त्याचा वॉशर चेपलेलाच असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. इंजिन गार झाल्याशिवाय प्लगला हात लावू नये. इथे वऱ्हाडातला एक लाडका समज बाजूला ठेवायला हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की "उन्हानं आटे ढिले पडतात" असं म्हणणारे भेटतात. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं हे खरं. पण थंडीतल्या आणि मे महिन्यातल्या तापमानातला फरक धरला तरी दहा एमएमच्या भोकात दोन-तीन मायक्रॉनच्या वर फरक पडत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऊन निर्दोष आहे. पोळणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी.

आटे जाण्याचं सगळ्यात साधं कारण मात्र जोराचं नाहीच. बोल्ट पहिल्यांदा तिरका धरला जातो आणि पाना लावून तसाच रेटला जातो. यावर जुने फिटर एक उपाय करतात, तो या पुस्तिकेतल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचा आहे. बोल्ट भोकाला लावायचा आणि आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो बारीकसा खाली बसतो, टिक असा जाणवतो. ती आट्याची सुरुवात. तिथून सुलटा फिरवायचा, बोटांनी, निदान तीन-चार फेरे. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकतंय: घाण आहे, बोल्ट तिरका आहे, किंवा हा बोल्ट या भोकाचा नाहीच.

"या भोकाचा नाहीच" हे प्रकरण वऱ्हाडात जरा जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि त्याचा धागा थेट कापसाच्या इतिहासात जातो.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत; एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट जमा केले, त्यांची मापं ताडून पाहिली आणि ५५ अंशांच्या कोनाचा एक ठरावीक आटा सुचवला. ब्रिटिश रेल्वेने तो उचलला आणि रेल्वेमागोमाग तो साम्राज्यभर पसरला. व्हिटवर्थचा कारखाना मँचेस्टरला होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पुरा झाला. अकोला आणि बडनेरा त्याच मार्गावर आले आणि वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगला वाफेची यंत्रं येऊ लागली. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ गाठणारी नॅरो गेजची शकुंतला रेल्वे पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली. तिचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं, आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते गाडी ओढत होतं. अशा इंग्रजी यंत्रांचे बोल्ट इंची मापाचे, व्हिटवर्थ आट्यांचे. ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या पिढ्यांनी इंचाचे आठ भाग पाडले आणि प्रत्येकाला सूत म्हटलं. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश, चार सूत म्हणजे अर्धा इंच. आजही हार्डवेअरच्या दुकानात "अडीच सुताचे चार बोल्ट द्या" म्हटलं की दुकानदार निमूट काढून देतो.

मेट्रिक मापाचा कायदा १९५६ साली झाला आणि नवी यंत्रं हळूहळू एमएममध्ये आली. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. जुनी यंत्रं मात्र कुठे गेली नाहीत, आणि जुन्या बोल्टचा डबाही गेला नाही. अडचण अशी, की काही इंची आणि मेट्रिक मापं एकमेकांच्या फार जवळ येतात. अडीच सूत म्हणजे ७.९४ एमएम, म्हणजे जवळपास आठच. पण व्हिटवर्थच्या अडीच सुतात इंचाला १८ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसरा १.४१ एमएमवर, आठ एमएमच्या बोल्टमध्ये हे अंतर १.२५. असा बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. जोर लावला की पुढे सरकतो, आणि सरकताना समोरचे आटे कापत जातो. तीन सुताचा बोल्ट दहा एमएमच्या आट्यात गेला तर आणखी वाईट, कारण तो अडतही नाही. सैलसर शेवटपर्यंत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की सुटतो. डब्यातला बोल्ट लावण्याआधी त्याला पिच गेज लावून पाहणं हा यावरचा इलाज. त्या दात्यांच्या पट्ट्यांच्या जुडग्याची किंमत एका नासलेल्या चेंबरपुढे काहीच नाही.

यातही एक गंमत आहे. पाण्याच्या पाईपचे आटे आजही व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे असतात. ब्रिटिश पाईप आटा जगाच्या बऱ्याच भागांत तसाच टिकून राहिला. म्हणजे दर्यापूरच्या एखाद्या विहिरीवर मोटरच्या पायाचे बोल्ट ६० अंशांचे आणि तिला जोडलेल्या जीआय पाईपचे आटे ५५ अंशांचे असतात, आणि दोन्हींना एकाच पेटीतली हत्यारं लागतात.

दर्यापूरचं नाव उगाच घेतलं नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमिनीखालचं पाणी खारट आहे, पिण्याला नाही आणि बहुतेक ठिकाणी सिंचनालाही नाही. हेच पाणी आट्यांचा वैरी आहे. पोलादाचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं घर यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की एक बारीकशी विद्युतघटमाला तयार होते, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. वरून पांढरी भुकटी दिसते. आत आटे पोकळ झालेले असतात. लोखंडात लोखंड असेल तर गंज फुगतो आणि दोन्ही एकजीव होतात. सोडायला गेलं की बोल्ट मुंडीतून तुटतो. या पट्ट्यातल्या मोटर-पंपाचा प्रत्येक बोल्ट बसवताना त्याला ग्रीस किंवा अँटी-सीझ लावणं ही चैन नव्हे. आणि जाम झालेला बोल्ट सोडताना घाई करू नये: डिझेल किंवा जंग सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवावं, सकाळी डोक्यावर हलके ठोके द्यावेत, मग थोडा सुलटा-थोडा उलटा असं हलवत सोडावं. एकाच दिशेने रेटणारा बोल्ट तोडतो.

फवारणी पंपाचे आटे छोटे, पितळेचे किंवा प्लास्टिकचे. पण त्यांच्यावर अवलंबून असलेली गोष्ट मोठी. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती आणि त्यांचा उलगडा या पुस्तिकेच्या कक्षेत नाही. एवढं मात्र कुणीही मान्य करेल, की पाठीवर झिरपणारा पंप घेऊन कपाशीत उतरू नये. प्लास्टिकचे आटे दुरुस्त करत बसू नये. तो भाग बदलावा. गळती थांबवायला पकडीने आवळणं हा तिथला नेहमीचा गुन्हा. आतलं रबरी वॉशर बदललं की बोटांच्या जोरावर काम भागतं.

मळणी यंत्राची कथा वेगळी, तिथे शत्रू आहे हादरा. सोयाबीन निघायच्या दिवसांत यंत्र सकाळी सुरू होतं ते रात्री थांबतं, आणि दिवसभर सगळं थरथरत असतं. बोल्ट ढिला होतो, ढिला बोल्ट भोकात हिंदकळतो, आणि हिंदकळणारा बोल्ट आटे घासून काढतो. बोल्ट ढिले का होतात याचा उत्तम अभ्यास गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली मांडला. बोल्टच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या हादऱ्यापेक्षा आडवा हादरा कितीतरी घातक असतो, हे त्याने दाखवलं. दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि नट आपोआप उलटा फिरतो. पुढच्या अनेक चाचण्यांत दिसलं, की आपल्याकडे ज्याच्या भरवशावर सगळे असतात तो कापलेला स्प्रिंग वॉशर अशा हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही. तो घालून समाधान मिळतं, एवढंच. त्यापेक्षा नायलॉनचं कडं असलेला नट बरा, नाहीतर आट्यांवर निळा लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव. लाल घेऊ नये. तो पुन्हा सोडताना तापवावा लागतो. आणि दोन्हींपेक्षा बरं म्हणजे बोल्टला सुरुवातीलाच पुरेसा ताण देणं, कारण भाग सरकले नाहीत तर नटही फिरत नाही. कमी आवळणं हेसुद्धा आटे जाण्याचं कारण आहे, हे ज्यांना फक्त "जास्त आवळू नका" एवढंच सांगितलं गेलं त्यांनी लक्षात घ्यावं.

प्रतिबंधाचं एवढं पुरे. आटे गेलेच, तर काय?

आधी पाहायचं ते खरंच गेलेत की नुसते मळलेत. पुष्कळदा योग्य मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, हलक्या हाताने फिरवला की माती, गंज, जुना लॉकटाइट निघून जातो आणि आटे साफ होतात. दुसरं, भोक खोल असेल आणि बोल्ट आखूड असेल, तर तळाचे आटे कोरे असतात. तिथे दोन-तीन मिलिमीटर लांब बोल्ट लावला तर काम फुकटात होतं. फक्त तो भोकाच्या तळाला टेकत नाही ना, हे पाहायचं. तळाला टेकलेला बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि काहीच पकडत नाही.

तिसरा मार्ग मापाने वाढण्याचा. बारा एमएमचे आटे गेले, की भोक मोठं करून चौदाचे पाडायचे आणि मोठा नट लावायचा. वर्कशॉपमध्ये हा फार लोकप्रिय आहे आणि तो चूकही नाही. पण त्यात दोन खोड्या आहेत: भोकाभोवतीची भिंत पातळ होते, आणि पुढच्या वेळी वाढायला जागा उरत नाही. शिवाय वेगळ्या मापाचा नट हरवला की गाडी रस्त्यात अडते. भोक पाडताना मापाचा नियम सोपा आहे: बोल्टच्या मापातून आट्यांमधलं अंतर वजा करायचं. सहाला पाच, आठला ६.८, दहाला ८.५ एमएमचं ड्रिल. टॅप तीनच्या संचात येतो, पहिला निमुळता. तो टाकून मधला आणि मग शेवटचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, पोलादाला कटिंग ऑइल. कोरडा टॅप भोकात तुटला तर मूळचं दुखणं बरं म्हणायची वेळ येते, कारण टॅपचं पोलाद कुठल्याही साध्या ड्रिलला दाद देत नाही.

चौथा मार्ग या पुस्तिकेचा खरा आवडता. तारेचा इन्सर्ट, बाजारात तो हेलिकॉइल या नावानेच मागतात. चौकट आकाराच्या स्टेनलेस तारेची ही घट्ट गुंडाळी असते. मूळ भोक थोडं मोठं करायचं, सहाच्या बोल्टला सव्वासहाच्या आसपास, त्यात इन्सर्टसोबत येणाऱ्या खास टॅपने आटे पाडायचे, आणि गुंडाळी दांड्यावर चढवून आत फिरवत न्यायची. ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर स्वतःच बाहेरच्या बाजूला दाबून बसते. वरच्या पातळीच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेली की थांबायचं आणि तळाची शेपटी तोडायची. बोल्ट मूळ मापाचाच लागतो. अ‍ॅल्युमिनियमला आता मोठ्या व्यासावर पकड मिळते आणि बोल्टचे आटे घासतात ते स्टेनलेसवर, म्हणून ही दुरुस्ती नव्या भोकालाही मागे टाकते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हलक्या धातूच्या इंजिनांत असे इन्सर्ट मुद्दाम, आटे जाण्याआधीच बसवले जात. प्लगच्या भोकाला मात्र तारेपेक्षा पूर्ण भरीव बुश अधिक चांगला, कारण प्लग वारंवार निघतो आणि त्याच्याबरोबर तार बाहेर येण्याची भीती असते. तिथे टॅपच्या खाचा ग्रीसने भराव्यात, म्हणजे कीस ग्रीसला चिकटतो आणि सिलिंडरमध्ये पडत नाही.

इन्सर्ट हा प्रकार किती दूरवर पोचलाय, ते पाहायला बर्फावर जावं लागेल. चिखलदऱ्याला धुकं मिळतं, थंडी मिळते, बर्फ मिळत नाही. पण गुलमर्गला २०२० पासून हिवाळी खेलो इंडिया भरते आणि स्नोबोर्ड नावाची फळी आता आपल्या मुलांनाही माहीत झाली आहे. त्या फळीच्या लाकडी गाभ्यात सहा एमएमचे स्टेनलेस इन्सर्ट बसवलेले असतात आणि पायाचे पट्टे चार-चार स्क्रूंनी त्यांत आवळलेले. स्क्रू आखूड असेल तर दोनच आट्यांवर सगळा माणूस तोलला जातो. लांब असेल तर फळीच्या तळाला आतून फुगवटा येतो. आटे गेले तर उपाय तोच, तारेचा इन्सर्ट. त्या खेळातली एक खबरदारी आपल्या गाड्यांनाही लागू आहे: पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला ओला लॉकटाइट लागला तर त्याला बारीक तडे जातात. हेडलाइटच्या आणि मीटरच्या आसपास तो वापरूच नये.

टेफ्लॉन टेप गुंडाळणं, एम-सील भरणं, आट्यांत तांब्याची तार घालून बोल्ट ठोकणं: हे सगळं रात्री दहा वाजता धारणीच्या रस्त्यावर ठीक आहे. घरी पोचल्यावर ते काढून टाकावं. टेपचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकला, तर चेंबरच्या जागी इंजिन जातं. ब्रेकचे बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे, चाकाचे स्टड आणि गॅसच्या जोडण्या यांना कुठलीच घरगुती दुरुस्ती लावू नये. तिथे भाग बदलणं एवढाच मार्ग. गॅसबद्दल आणखी एक. ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरचे आटे मुद्दाम डावे, म्हणजे उलटे ठेवलेले असतात, चुकून दुसरा वायू जोडला जाऊ नये म्हणून. सायकलचं डावं पायडलही उलट्या आट्यांचं असतं. "निघतच नाही बापा हे," म्हणून त्यावर लटकणाऱ्यांनी एकदा दिशा तपासावी.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे. त्याची मिनी डाळ मिल गावोगावच्या बचतगटांपर्यंत पोचली. अशी छोटी यंत्रं जितकी वाढतील, तितके गावात बोल्ट वाढतील आणि ते आवळणारे हातही. आयटीआयच्या फिटरला टॅप आणि डाय शिकवले जातात. यंत्र चालवणाऱ्या माणसाला मात्र ते कुणी शिकवत नाही. पहिल्यांदा आटे घालवतो तोच. त्याच्यासाठी पुढली प्रकरणं सोप्या भाषेत आहेत, मापांचे तक्ते शेवटी आहेत, आणि लेथवर काम करणाऱ्याला नवं सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही. त्याने ती चाळून चुका दाखवाव्यात.

गॅरेजवाल्यांना एक विनंती आहे: सहा, आठ, दहा आणि बारा एमएमचे इन्सर्ट संच आणि एक टॉर्क रेंच, एवढं प्रत्येक गॅरेजात असावं. पान्यांच्या एका चांगल्या पेटीहून हा खर्च फार मोठा नाही. गाडीमालकांनी ऑइल बदलायला जाताना चेंबर नटाचा नवा वॉशर मागून घ्यावा आणि मिस्त्री नट बोटांनी सुरू करतोय का, तेवढं उभं राहून पाहावं. आणि मळणी यंत्रवाल्यांनी बेअरिंगचे व पायाचे बोल्ट सोयाबीन कापणीला येण्याआधीच तपासून घ्यावेत. हंगाम सुरू झाला की लेथवर रांग लागलेली असते.